जनुकाच्या आधी दुपारचे चार तास

अल्झायमर झालेल्या माणसाच्या मुलांना हल्ली एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो: “तुम्ही स्वतःची तपासणी करून घेतलीत का? ती जनुकांची?” दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे कोणी विचारत नव्हतं. आता लाळेची नळी कुरिअरने घरी येते, भरून परत पाठवायची, काही आठवड्यांत अहवाल मोबाइलवर. विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. “कळलेलं बरं ना?” असंही वर म्हटलं जातं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. चाचणी करावी की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण आज आपल्याकडे त्या अहवालाचं उत्तर घेऊन जगायला लागणारी कुठलीच पुरेशी सोय नाही. ना समुपदेशन, ना कायद्याचं संरक्षण, ना उद्याची तजवीज करण्याचं साधन. आणि ज्या गोष्टीने आमचा धोका खरोखर कमी होऊ शकतो, ती म्हणजे सांभाळण्याच्या कामातून नियमित मिळणारी सुटका. तिच्याबद्दल मात्र कोणीच बोलत नाही.

मी आईला सांभाळते. ती ८१ वर्षांची आहे, निवृत्त शिक्षिका. संध्याकाळ व्हायला लागली की ती पिशवी भरायला घेते. टॉवेल, पंचांग, चष्म्याची रिकामी डबी, एखाद्या दिवशी फ्रिजमधली आमटीची वाटी. “चल, अंधार पडायच्या आत घरी पोचू.” ते घर मिरजेचं, विकून जमाना झाला. मी वाद घालत नाही. चपला शोधण्यात थोडा वेळ काढते, जिन्यापर्यंत तिच्याबरोबर जाते, शेजारच्या वहिनी दिसल्या तर त्यांच्याशी बोलण्यात तिचं लक्ष जातं आणि आम्ही दोघी परत येतो. रात्री तिचा डोळा लागला की मी मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणते. एकोणतीस सातीला अडखळले तर पोटात गोळा येतो. किल्ली कुठे ठेवली हे आठवेना, की इतरांना वैताग येतो. आमच्यासारख्यांना धडकी भरते. ही धडकी रोजची आहे आणि ती कुठल्याही अहवालाच्या आधीपासून आमच्या घरात राहायला आली आहे.

म्हणूनच आधी विज्ञान नीट समजून घेतलं पाहिजे. दोन अगदी वेगळ्या गोष्टींची घरोघरी सरमिसळ होते आणि त्यातून निष्कारण माणसं घाबरतात.

पहिला प्रकार दुर्मीळ आहे. एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ अशी तीन जनुकं आहेत. त्यांतल्या एकात विशिष्ट बिघाड असेल तर आजार जवळजवळ अटळ असतो, बहुधा चाळिशी-पन्नाशीतच गाठतो, आणि प्रत्येक मुलाला तो बिघाड मिळण्याची शक्यता निम्मी असते. अल्झायमरच्या एकूण रुग्णांत अशा घराण्यांतले रुग्ण एक टक्क्याच्या आत आहेत. कोलंबियातल्या अँटिओकिया भागात अशी मोठी कुटुंबं आहेत, डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी हयात घालवून त्यांचा अभ्यास केला. तिथे साधारण ४४व्या वर्षी विसरायला सुरुवात होते आणि पन्नाशीच्या आत माणूस पूर्ण परावलंबी व्हायला लागतो. २०१३ मध्ये या कुटुंबांत एका औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा संशोधकांनी एक गोष्ट केली जी मला फार मोलाची वाटते. बिघाड असलेल्यांबरोबर बिघाड नसलेल्या नातेवाइकांनाही त्यांनी चाचणीत घेतलं आणि त्यांना नुसतं निष्क्रिय औषध दिलं. फक्त बिघाडवाल्यांना घेतलं असतं, तर नाव नोंदवताक्षणी प्रत्येकाला आपलं भविष्य कळलं असतं. औषध पुढे २०२२ मध्ये निष्फळ ठरलं. पण ज्यांना जाणून घ्यायचं नाही त्यांना ते कळू नये, म्हणून त्या गरीब डोंगराळ मुलखात इतका खटाटोप केला गेला. आपल्याकडे जनुकाचा अहवाल ईमेलने येऊन पडतो.

तुमच्या घरी दोन-तीन पिढ्यांत साठीच्या आतच हा आजार झाला असेल, तर मोठ्या रुग्णालयातल्या आनुवंशिकी विभागात जा, मूल होऊ द्यायच्या आधी जा. तिथे चाचणीला खरा अर्थ आहे.

दुसरा प्रकार आमचा, म्हणजे बहुसंख्यांचा. आईला सत्तरीनंतर आजार झाला. इथे जे जनुक तपासतात ते एपीओई. त्याचे ई२, ई३, ई४ असे तीन प्रकार आहेत आणि आई-वडिलांकडून एकेक असे दोन आपल्याला मिळतात. ई४चा धोक्याशी संबंध १९९३ मध्ये उघड झाला. एक ई४ असेल तर धोका सुमारे दुप्पट-तिप्पट, दोन असतील तर आठ ते बारा पट, असे आकडे सांगितले जातात. पण ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. हरियाणातल्या बल्लभगड इथे भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला, त्यात ई४चं प्रमाण अमेरिकेतल्या तुलनेच्या गावांपेक्षा कमी आढळलं. ई४ असून नव्वदीपर्यंत तल्लख राहिलेली माणसं आहेत, आणि एकही ई४ नसताना आजार झालेलीही भरपूर आहेत. दोन ई४ असणाऱ्यांचं चित्र अधिक गंभीर आहे, हे २०२४च्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. पण अशी माणसं थोडी. बाकीच्यांना अहवाल सांगतो एवढंच, की तुमचा धोका शेजाऱ्यापेक्षा जास्त किंवा कमी आहे. आईकडे बघून तेवढं आम्हाला आधीच कळलेलं असतं.

चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मी मनापासून मान्य करते. माहिती दिली तर माणसं कोसळतील, हा डॉक्टरांचा जुना समज चुकीचा निघाला. अल्झायमरच्या रुग्णांच्या १६२ मुलामुलींना त्यांचा एपीओईचा निकाल सांगून अमेरिकेत वर्षभर त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ई४ निघालेल्यांची चिंता किंवा नैराश्य फारसं वाढलं नाही, आणि ई४ नाही हे कळलेल्यांचा जीव भांड्यात पडला. मात्र त्या सगळ्यांना आधी आणि नंतर प्रशिक्षित माणसाने समोर बसवून समजावलं होतं, आणि ज्यांना आधीच तीव्र चिंता किंवा नैराश्य होतं त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं. रात्री दोनदा उठून आईची चादर बदलणाऱ्या मुलीला तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. २०१४च्या दुसऱ्या एका अभ्यासात तर आणखी विचार करायला लावणारी गोष्ट दिसली. आपल्यात ई४ आहे हे माहीत असलेल्या वृद्धांनी स्मरणशक्तीच्या चाचणीत, ई४ असूनही ते माहीत नसलेल्यांपेक्षा कमी गुण मिळवले. जनुक तेच, फरक फक्त माहितीचा.

एक अपवादही सांगायला हवा. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही नवी औषधं अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये मंजूर झाली. दोन ई४ असणाऱ्यांना या औषधांनी मेंदूत सूज येण्याचा आणि रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून ती सुरू करण्याआधी चाचणी करायची असते. ती आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाची चाचणी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ठणठणीत मुलामुलींनी जाहिरात पाहून करायची चाचणी ही वेगळी गोष्ट.

आता घरातलं बोलू. जनुकाचा अहवाल कधीच एकट्याचा नसतो. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. तिथे हा तपास घरबसल्या करायला २०१७ पासूनच परवानगी आहे. त्याने फोनवर विचारलं, “ताई, मी करून घेऊ का?” मी त्याला हिशोब सांगितला. त्याच्यात दोन ई४ निघाले, तर आई आणि बाबा दोघांकडेही निदान एकेक असणारच, म्हणजे माझ्यात किमान एक असण्याची शक्यता निदान चारात तीन, आणि त्यानंतर माझ्या मुलीचा प्रश्न उभा. चाचणी त्याची, फोन ठेवल्यावर झोप माझी उडणार. त्याने अजून केलेली नाही. करणार असेल तर आधी मला सांगेल आणि निकाल मी विचारल्याशिवाय सांगणार नाही, असं आमचं ठरलं आहे. प्रत्येक भावंडांनी लाळेची नळी उघडण्याआधी एवढं बोलून घ्यावं, असं मला कळकळीने सांगायचं आहे.

नंतर गुपित ठेवू म्हटलं तरी ते राहतंच असं नाही. डीएनएची रचना उलगडणाऱ्या जेम्स वॉटसन यांनी स्वतःचा संपूर्ण जनुकसंच जगापुढे खुला केला, तेव्हा फक्त एपीओईचा भाग वगळायला सांगितला होता, कारण त्यांच्या आजीला हा आजार होता. पुढे इतर संशोधकांनी दाखवून दिलं की वगळलेल्या भागाच्या आजूबाजूच्या मजकुरावरूनही उत्तर काढता येतं. मग आणखी मोठा भाग काढावा लागला. आणि मार्च २०२५ मध्ये ‘ट्वेन्टीथ्री अँड मी’ या, लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या अमेरिकी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा सुमारे दीड कोटी लोकांची जनुकीय माहिती कोणाच्या हाती जाणार, हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे, लग्नाचा. “त्यांच्या घराण्यात वेडाची झाक आहे” हे वाक्य स्थळं बघताना आजही दबक्या आवाजात बोललं जातं. मुलीचं लग्न ठरेपर्यंत आजीला आतल्या खोलीत ठेवणारी घरं मला माहीत आहेत, चांगली शिकलेली. तिथे ‘ई४’ ही दोन अक्षरं बाहेर फुटली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून मी एक गोष्ट ठामपणे मांडते: स्वतःच्या मनाने ठरवण्याची पोच येईपर्यंत कोणत्याही मुलाची ही चाचणी आई-बापांनी करू नये, आणि लग्नाच्या बोलणीत ती मागणं ही कोणाच्याही बाबतीत दांडगाईच.

शिवाय सुनेचा विचार कोण करतं? मराठी घरांत सांभाळण्याचं काम बहुतेक वेळा तिच्याच वाट्याला येतं. धोका असतो मुलाच्या रक्तात, आणि अंगावर येतं ते सुनेच्या. सासूबाईंना घास भरवताना तिला नवऱ्याचं म्हातारपण दिसत असतं, आणि ते तिने कोणाला सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर त्याला भीती घातल्यासारखं होतं, माहेरी सांगितलं तर ते हळहळतात. माझी एक मैत्रीण असंच सगळं गिळून सासऱ्यांना सांभाळते आहे. जनुक चाचणीच्या चर्चेत तिला जागाच नाही, कारण तिचं जनुक या हिशोबात येत नाही.

कायद्याचं पाहू. गर्भातल्या बाळाच्या तपासणीवर १९९४ पासून कायदा आहे. मोठ्या माणसांना थेट विकल्या जाणाऱ्या जनुक चाचण्यांना तशी चौकट नाही. अमेरिकेत २००८ पासून आरोग्यविमा आणि नोकरीच्या बाबतीत जनुकावरून भेदभाव करायला बंदी आहे, कॅनडाने २०१७ मध्ये त्याहून व्यापक कायदा केला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये, हृदयविकाराच्या एका रुग्णाच्या प्रकरणात, ‘जनुकीय विकार’ असं मोघम कलम घालून विमा नाकारणं समानतेच्या हक्काविरुद्ध असल्याचं म्हटलं. संसदेचा कायदा मात्र नाही. उलट वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं २०१९चं विधेयक जनुकीय माहितीला संवेदनशील म्हणून वेगळा दर्जा देत होतं. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात तो वर्गच उरला नाही.

समजा, हे सगळं बाजूला ठेवून मी चाचणी केली आणि दोन ई४ निघाले. शहाणी बाई म्हणून मी पुढची सोय लावायला निघेन. मुलीच्या नावे मुखत्यारपत्र करेन. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे, ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याचं भान हरपलं की ते मुखत्यारपत्रच संपतं. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निरुपयोगी. इंग्लंडमध्ये अशा वेळी पुढे चालू राहणाऱ्या मुखत्यारपत्राची तरतूद २००५च्या कायद्यात आहे. आपल्याकडे आईची ठेव मोडायची किंवा तिचा फ्लॅट विकून उपचाराला पैसे उभे करायचे, तर मुलांना पालकत्व मिळवायला उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचारांबद्दल आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतात, मृत्युपत्र करता येतं, खातं ‘दोघांपैकी कोणीही’ असं संयुक्त करता येतं. हे जरूर करावं, पन्नाशीतच करावं. आणि यांतल्या कशालाही जनुक चाचणी लागत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डेमेन्शियाची (म्हणजे स्मृतिभ्रंशाची, अल्झायमर हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार) बदलता येण्याजोगी १४ कारणं मांडली: कमी शिक्षण, ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, दारू, डोक्याला मार, प्रदूषित हवा, नैराश्य आणि एकटेपणा. ती सगळी जगभरात दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के डेमेन्शिया टळेल किंवा पुढे ढकलला जाईल असा त्यांचा अंदाज आहे. ही यादी घ्या आणि घरी डेमेन्शियाचा रुग्ण सांभाळणाऱ्या पन्नाशीतल्या बाईच्या दिवसाशेजारी ठेवा. चालायला जाणं बंद, कारण आईला एकटं सोडता येत नाही. रक्तदाबाची गोळी चालू आहे, पण मागची तपासणी कधी झाली ते आठवत नाही. साखर तपासायला उपाशीपोटी जायचं, तर सकाळी आईजवळ कोण? भिशी सुटली, भजनी मंडळ सुटलं, लग्नकार्याला जाणं सुटलं. दुपारी चारला स्वयंपाकघरात उभ्याने जेवण. रडू येतं ते बाथरूममध्ये, नळ सोडून. टाळता येणारी जेवढी कारणं आहेत, त्यांतली निम्मी-अर्धी सांभाळण्याचं कामच आमच्या अंगाला चिकटवतं.

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या कॅश काउंटीत १,२२१ वृद्ध जोडप्यांवर अभ्यास झाला. ज्यांच्या जोडीदाराला डेमेन्शिया झाला होता, त्यांना स्वतःला तो होण्याचा धोका इतरांच्या सहापट दिसला. नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं. एकाच अभ्यासावर सगळा भार टाकू नये हे खरं. एकाच घरातलं जेवण, एकाच घरातल्या सवयी हेही कारण असेल. पण जिथे जनुकाचा संबंधच नाही तिथे इतका फरक दिसतो, ही बाब कोणत्याही आरोग्यमंत्र्याची झोप उडवायला पुरेशी आहे. आणि दिलासा देणारी बाजूही तितकीच ठोस आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या, धोका असलेल्या १,२६० लोकांपैकी निम्म्यांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर नियंत्रण असा एकत्र कार्यक्रम दिला. त्यांची बौद्धिक क्षमता तुलनेच्या गटापेक्षा चांगली राहिली. ई४ असणाऱ्यांनाही तो फायदा मिळाला.

म्हणजे अहवालात काहीही निघालं तरी करायचं तेच आहे. आणि ते करायला वेळ लागतो. तो वेळ आमच्याकडे नाही, आणि तो विकतही सहज मिळत नाही. ब्युरोतून आणलेल्या बाईचे महिन्याचे पैसे मध्यमवर्गालाही झेपत नाहीत, आणि ज्यांना झेपतात त्यांची बाई आईने एकदा चावा घेतला की दुसऱ्या दिवशी येत नाही. तिचाही दोष नाही, या आजाराचं शिक्षण तिला कोणी दिलेलंच नसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरच्या पाहणीप्रमाणे देशात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डेमेन्शिया आहे. प्रमाण स्त्रियांत जास्त, खेड्यांत जास्त, न शिकलेल्यांत जास्त. लाळेच्या नळीची जाहिरात त्यांच्यापर्यंत पोचतही नाही, पण त्यांना सांभाळणाऱ्या सुना-मुली रोज झिजत आहेत.

केरळने २०१४ मध्ये अल्झायमर सोसायटीबरोबर ‘स्मृतिपथम’ हा उपक्रम सुरू केला, त्यात दिवसा सांभाळणारी केंद्रं आणि निवासी केंद्रही आहे. महाराष्ट्राला हे अशक्य नाही. आपल्याकडे शहरोशहरी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, महापालिकांनी बांधलेली विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी तिथे योगासनं होतात, संध्याकाळी कॅरम आणि गप्पा. भर दुपारी बहुतेक ठिकाणी कुलूप असतं. त्याच वेळात, आठवड्यातून तीन दिवस, बारा ते चार, तिथे डेमेन्शियाच्या रुग्णांना बसू द्यावं. प्रशिक्षण घेतलेल्या दोन बाया, पाणी, पंखा, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास, आणि दाराला रुग्णांना पटकन न उघडता येणारी पण सांभाळणाऱ्या बाईला सहज काढता येणारी कडी. सुरुवात पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर इथल्या प्रत्येकी एका प्रभागापासून झाली तरी चालेल. ग्रामीण भागात आशाताईंना या आजाराची ओळख करून द्यावी आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. फुकटात आणखी एक ओझं त्यांच्यावर टाकू नये. ज्या दिवशी आई तिथे असेल, त्या दिवशी तिला सांभाळणाऱ्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि कानांची तपासणी जवळच्या महापालिका दवाखान्यात व्हावी. त्यासाठी जनुकाचा अहवाल मागू नये.

येत्या निवडणुकीत प्रभागात मतं मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी एवढंच विचारणार आहे, की आपल्या विरंगुळा केंद्राची दुपारची किल्ली कोणाकडे असते.